बेटाकडे जाणारा तराफा

काठावर दोन सोयी होत्या. केवटाचा अरुंद डोंगा, आणि यांच्याबरोबर काम करणाऱ्या फिटर भैयालालने रिकाम्या ड्रमांवर फळ्या बांधून केलेला तराफा. कशात बसायचं ते मी ठरवायचं होतं, कारण तीन वर्षांचा बंडू माझ्या कडेवर होता आणि मला पोहता येत नव्हतं.

"वहिनी, कॉलेजात पोहणं नाही शिकवलं कावून?" भैयालाल म्हणाला. "बसा बिनधास्त. हत्ती नाचवा याच्यावर."

मरोदा गावाच्या पलीकडे पोलादाच्या प्लांटसाठी हा तलाव नुकताच भरला होता. मधली टेकडी तेवढी पाण्याबाहेर राहिली, तिचं बेट झालं. पाणी चढलं तसे ससे, मोर, दोन चितळं तिच्यावरच अडकली. सुट्टीच्या दिवशी प्लांटच्या कॉलनीतली, सेक्टरासेक्टरातली माणसं ती बघायला जात.

डोंग्याच्या काठाला हात टेकला की तो कलायचा. तराफा रुंद होता, चारी बाजूंना पाइपाचा कठडा. मी फळ्या बांधलेल्या सगळ्या तारा ओढून पाहिल्या.

"झाली तपासणी?" हे हसले. "का प्लांटातल्या रशियन साहेबाले बोलवू सही करायले?"

मी तराफा म्हटलं.

अर्ध्या वाटेवर खालून काहीतरी घासलं आणि आम्ही थांबलो. बुडालेली बाभूळ होती. तिचे काटेरी शेंडे फळ्यांना टेकले होते. भैयालाल बांबूने रेटू लागला.

"आई, फांदी चालून राहिली," बंडू म्हणाला.

फांदीवरून काळा साप फळीवर येत होता. त्यालाही कुठं जागा उरली असणार? भैयालाल मागे सरला, हेही भैयालालच्या बाजूला सरले, आणि ती बाजू पाण्यात गेली. माझी पावलं भिजली.

"हलू नका!" मी ओरडले. "अहो, मधे या! आधी मधे या!"

हे मधे आले. तराफा सावरला. साप माझ्या पायापासून हातभर अंतरावरून गेला आणि दोन फळ्यांच्या फटीतून ड्रमांमध्ये शिरला. तो पाण्यात पडल्याचा आवाज येईल म्हणून मी कान देऊन होते. आला नाही.

तराफा सुटला. बेटाचं नाव कोणी काढलं नाही. भैयालालने तराफ्याचं तोंड काठाकडे वळवलं. फळ्यांखाली पाणी डचमळलं की माझी टाच उचलली जायची. बंडू खाली सोड म्हणून रडत होता.

काठ जवळ आल्यावर भैयालाल हळूच म्हणाला, "तिथं काही बोलू नका, वहिनी. लोकं भेदरतीन. मी पाह्यतो मागून."

काठावर शेजारच्या क्वार्टरातली सिंधुताई उभी होती, दोन पोरी आणि डब्यांची पिशवी घेऊन. मी उतरले न उतरले तोच थोरलीने फळीवर पाय ठेवला.

"ताई, तिले उतरवा. खाली साप आहे."

भैयालालने दोन फळ्या उचलून दाखवल्या. ड्रम, तार, चिखल. बाकी काही नाही. "वहिनीले फांदी दिसली असन."

"मीबी पयले अशीच भेत होती, बाई," सिंधुताई हसली आणि तिने धाकटीलाही चढवायला उचललं. "चाल गं."

मी यांच्याकडे पाहिलं. हे आणि भैयालाल एकाच शिफ्टचे, एकाच डब्यात जेवणारे. हे नुसते चपलेने वाळू उकरत राहिले.

"सांग ना गा, शामसुंदर," भैयालाल म्हणाला.

"होता," हे म्हणाले. "मी पाह्यला. बाकीच्या फळ्या काढ."

सिंधुताईने थोरलीचा दंड धरून तिला असं ओढलं की पोर किंचाळली. भैयालालने तिसऱ्या फळीच्या तारेला हात घातला. आम्ही पोरांना उचलून मागे सरलो.