दुरुस्तीची चौकट

"हे या आठवड्याच्या अंकात आलं पाहिजे," असं म्हणून गाडीकाकांनी वहीतून फाडलेलं एक पान बाईंच्या टेबलावर ठेवलं आणि तळहाताने दोनदा सपाट केलं.

पानावर मोठ्या, शाळकरी अक्षरात मजकूर होता. डायलिसिसच्या पेशंटना दवाखान्यात ने-आण करणारी मोफत गाडी बंद झाली आहे, ती पुन्हा सुरू होणार नाही, तरी कोणीही फाटकापाशी वाट बघत उभं राहू नये. खाली सही आणि फोन नंबर. बाईंनी पान दोनदा वाचलं. शेवटच्या वाक्याशी त्या जरा अडखळल्या.

शहरातल्या दोनशे लहानमोठ्या सेवाभावी संस्थांची मिळून एक मध्यवर्ती संस्था होती, आणि तिचं चार पानी साप्ताहिक पत्रक बाई एकोणीस वर्षं काढत होत्या. पहिल्या पानावर संस्थांमधल्या नोकऱ्या. दुसऱ्यावर निधी, म्हणजे कुठलं मंडळ कुणाला पैसे देतंय आणि अर्ज कधीपर्यंत करायचा. तिसऱ्यावर कोणाचं शिबिर झालं, कोणाला खोली मिळाली, कोण निवृत्त झालं. आणि चौथ्या पानाच्या तळाशी एक लहानशी चौकट असायची: 'दुरुस्ती'. मागच्या अंकात काही चुकलं असेल तर बाई ते तिथे स्वतः कबूल करत. एकदा त्यांनी सहलीला चाळीस नव्हे तर बेचाळीस मुलं गेली होती, अशी दुरुस्ती छापली होती आणि ऑफिस आठवडाभर हसत होतं. बाई हसल्या नव्हत्या. ती दोन मुलं गेली होती ना, मग झालं तर.

अंकात छापायचा प्रत्येक फोन नंबर त्या आधी एकदा लावून बघत. पलीकडून कोणी उचलला की "अमुक संस्था ना? बरं, चालू द्या," एवढं बोलून ठेवून देत. नव्या लोकांना हा प्रकार विचित्र वाटे. जुने लोक म्हणत, बाईंचा फोन आला म्हणजे आता आपण छापून येणार, आणि पत्रकात आलं म्हणजे ती काळ्या दगडावरची रेघ.

"पण काका, निधीचा अर्ज भरणार होतात ना तुम्ही?" बाईंनी विचारलं.

"भरला की. तेवीस तारखेला स्वतः नेऊन दिला. म्हटलं, दोन दिवस हातात आहेत. तिथली मुलगी म्हणते, मुदत पंधरालाच संपली. काका, नीट वाचत जा." गाडीकाका हसले, पण हसू ओठांवरच राहिलं. "मला आपलं पंचवीस आठवत होतं. घरी जाऊन अंक शोधला तर सुनेने रद्दीत घातलेला. पण शोधून तरी काय करायचं होतं? तुमच्या पत्रकात चूक नसते. म्हणजे गडबड माझ्याच डोक्यात."

मग त्यांनी बाकीचं सांगितलं. मुलाने गाडीची किल्ली काढून घेतली होती. डॉक्टरांकडे नेलं होतं. शंभरातून सात, त्यातून पुन्हा सात, असं उलटं मोजायला लावलं होतं. मुलाचंही बरोबरच आहे, ते म्हणाले, ज्याला तारीख वाचता येत नाही तो सिग्नल काय वाचणार. इतर संस्थांना अशा सूचना कॉम्प्युटरवर येतात, पण काकांकडे कॉम्प्युटर नव्हता. त्यांच्याकडे आठ सीटची गाडी होती, खुर्चीसकट माणूस आत घ्यायला मागे एक लोखंडी फळी होती, आणि दर आठवड्याला येणारं बाईंचं पत्रक होतं.

पंधरा आणि पंचवीस हे शब्द ऐकले तेव्हाच बाईंना शंका आली होती. बोलायला हवं होतं ते तेव्हाच. पण त्यांच्या तोंडून निघालं ते भलतंच. त्यांनी विचारलं, पाणी घेता का काका?

काका गेल्यावर त्यांनी कपाटातून वर्षाची फाइल काढली. तो अंक सापडायला वेळ लागला नाही. पान दोन, वरून तिसरी सूचना. अर्जाची अंतिम तारीख: २५.

चूक कशी झाली हे त्यांना लगेच कळलं. दरवर्षी येणाऱ्या सूचना त्या नव्याने लिहीत नसत. गेल्या वर्षीचा मजकूर उचलायचा, मंडळाला फोन करायचा आणि बदललं असेल तेवढं बदलायचं. त्या दिवशी मंडळाचा फोन कोणी उचलला नव्हता. दुपारी पुन्हा लावू म्हणून त्यांनी समासात पेन्सिलीने फुली मारली होती. दुपारी छपाईवाल्याचा माणूस आला, आणि तारीख तर दरवर्षी पंचवीसच असते. फुली अजून तिथेच होती.

त्यांनी मंडळाला फोन लावला. आज मात्र तो पहिल्या घंटेला उचलला गेला. चूक आमची होती, काकांची नव्हती, असं बाईंनी सांगितलं. पलीकडची मुलगी शांतपणे म्हणाली, की निधी वाटून झाला आहे, आणि सूचना नीट बघून छापणं ही मंडळाची जबाबदारी नाही.

मग बाई फाइल घेऊन संचालकांच्या खोलीत गेल्या. संचालक वयाने त्यांच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, त्यांना ताई म्हणणारा, रात्रंदिवस राबणारा माणूस. त्याने पान बघितलं, दार लावून घेतलं आणि आवाज न चढवता बोलायला लागला. शुक्रवारी तपासणी समिती यायची होती. संस्थेला पुढची तीन वर्षं पैसे मिळणार की नाही हे तीच ठरवणार होती, आणि संस्थेच्या अर्जात पहिलं पान या पत्रकावरच होतं.

"ताई, गाडी तर गेलीच. चौकट छापून ती परत येणार आहे का? एका गाडीपायी इथल्या अकरा जणांच्या पोटावर पाय द्यायचा?" तो म्हणाला. "वेबसाइटवरचा अंक मी दुरुस्त करून घेतो. फाइलमधलं पान तेवढं तुम्ही बदला."

तो चुकीचं बोलत नव्हता, हीच खरी पंचाईत होती. अकरा जणांत झाडणारी मावशी होती, तिची मुलगी यंदा कॉलेजात गेली होती. बाई फाइल घेऊन बाहेर आल्या. मावशीने टेबल पुसून ठेवलं होतं.

घरी त्यांनी सगळं नवऱ्याच्या कानावर घातलं. तो वीजमंडळात मीटर वाचायचं काम करून निवृत्त झालेला, कमी बोलणारा माणूस. जेवण संपेपर्यंत त्याने ऐकून घेतलं आणि हात धुताना निकाल दिला, की झाकली मूठ सव्वा लाखाची. बाईंना राग आला, पण थोडं हायसंही वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाज वाटली. भांडी आवरून झाल्यावर तो भिंतीकडे तोंड करून पडला होता, तिथून म्हणाला, "एका म्हातारीचं मीटर मी चुकीचं वाचलं होतं. तिची लाइन तोडली. मी काही बोललो नाही. ती गल्ली मी अजून टाळतो."

शुक्रवारी समिती आली. चहा प्यायली, फायली चाळल्या, पत्रकाचं कौतुक केलं, निर्णय आठवड्याभरात कळवू म्हणाली. फाइलमधलं ते पान बाईंनी बदललं नव्हतं. पण त्या पानापाशी कोणी पोचलंच नाही.

शनिवारी सकाळी वर्षाची ती जाडजूड फाइल पिशवीत घालून बाई गाडीकाकांच्या घरी गेल्या. पान सुटं काढून नेता आलं असतं, पण एकोणीस वर्षांत त्यांनी फाइलमधलं पान काढलं नव्हतं. अंगणात गाडी उभी होती, टायरांवर धूळ बसलेली. दार सुनेने उघडलं. मुलगी कामसू होती, चेहरा दमलेला. तिने आत नेता नेता सांगितलं, "जरा मोठ्याने आणि सावकाश बोला हं. हल्ली त्यांच्या लक्षात येत नाही." काका दोन हातांच्या अंतरावर बसले होते. त्यांना ते ऐकू गेलं आणि त्यांनी मान खाली घातली.

त्यांच्यासमोर शंभर पानी वही उघडी होती. डॉक्टरांनी सांगितलेला अभ्यास. रोज सकाळी उठून तारीख, वार आणि काल काय जेवलो ते लिहायचं. महिनाभराची पानं भरली होती. एकही तारीख चुकलेली नव्हती.

बाईंनी फाइल त्या वहीवरच उघडून ठेवली. काकांनी चष्मा शोधला, बोट ओळीखाली धरलं आणि वाचत वाचत तारखेपाशी आले. बोट तिथेच थांबलं.

"पंचवीस," ते म्हणाले.

"पंचवीसच छापलंय, काका. मी छापलंय. पंधरा पाहिजे होती, गेल्या वर्षीची तशीच राहिली. मंडळाला फोन लावला होता, कोणी उचलला नाही. मी पुन्हा लावला नाही."

काकांनी सुनेला हाक मारली. ती ओले हात पुसत आली.

"वाच," त्यांनी बोट दाखवलं. "मोठ्याने आणि सावकाश."

तिने वाचलं. तारखेवर आली तेव्हा तिचा आवाज खाली गेला. काकांनी तिला पुन्हा वाचायला लावलं. दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर तिने पदराने डोळे टिपले आणि आत गेली. काकांनी फाइलखालून आपली वही ओढून घेतली, मिटली आणि पलीकडे सरकवली.

बाईंना वाटलं होतं, ते म्हणतील जाऊ द्या, चुकतं माणूस. काका तसं म्हणाले नाहीत.

"चौदा माणसं होती बाई गाडीत, पाळीपाळीने येणारी. दोघी आता भाड्याच्या गाडीने जातात, उसने पैसे काढून. त्यातले मास्तर तर आठवड्यातून तीनदाऐवजी दोनदाच जातात. पाय सुजलेत त्यांचे. आणि मी महिनाभर रोज सकाळी उठून तारीख लिहितोय."

बाई फाइल बांधायला लागल्या, तर गाठ बसेना.

"छापणार ना?" काकांनी विचारलं. "चौकटीत?"

तोवर बाईंचं काहीच ठरलं नव्हतं. "छापणार," त्या म्हणाल्या.

सोमवारी संचालकाने ते ऐकलं आणि खिडकीकडे बघत राहिला. समितीचा निकाल अजून यायचा होता. शेवटी तो म्हणाला, की छापायचंच असेल तर खाली आणखी एक ओळ यायला हवी. संबंधित व्यक्तीने काम सोडलं आहे. म्हणजे समितीला दाखवता येईल, की संस्थेने दखल घेतली. हे बोलताना त्याने बाईंकडे बघितलं नाही.

"'काम सोडलं आहे', की 'कामावरून कमी केलं आहे'?" बाईंनी विचारलं. मजकूर नेमका असावा, ही त्यांची सवय.

"सोडलं आहे," तो म्हणाला. मग हळूच, "ताई, मला दुसरं काही सुचत नाही हो."

तो खरंच रडवेला झाला होता. बाईंनीच त्याला पाणी आणून दिलं.

बुधवार अंकाचा दिवस. बाईंनी आधी चौकट टाइप केली. अमुक अंकात अंतिम तारीख चुकून २५ छापली गेली, ती १५ हवी होती. त्यामुळे रुग्णवाहतुकीच्या गाडीचा अर्ज उशिरा पोचला. ती तारीख वाचणाऱ्याची कोणतीही चूक नव्हती. शेवटचं वाक्य त्यांनी ठळक केलं. खाली ठरलेली ओळ घातली. मग नेहमीप्रमाणे नंबर तपासायला घेतले. तिसऱ्या पानावर काकांची सूचना होती, ती त्यांच्याच शब्दांत. त्यांनी नंबर लावला.

"नंबर चालू आहे," काका पलीकडून म्हणाले. "गाडी विकली, आज देऊन आलो. मुलगा म्हणत होता, घेणाऱ्यांचा ड्रायव्हर येईल. मी म्हटलं, किल्ली आण इकडे. मीच चालवत नेली, तो शेजारी बसला होता. सगळे सिग्नल पाळले. अंकाच्या दोन प्रती ठेवा माझ्यासाठी. एक त्याला."

त्यांनी फोन ठेवला. बाईंनी नंबरावर बरोबरची खूण केली.

आता पहिल्या पानावरची एकच जाहिरात उरली होती, सकाळी संचालकांच्या खोलीतून आलेली. साप्ताहिक पत्रकासाठी संपादक हवा. अनुभवी, काटेकोर व्यक्तीस प्राधान्य. चौकशीसाठी खालील नंबरवर संपर्क साधावा. बाईंनी 'काटेकोर'मधला रफार नीट आहे ना ते पाहायला पान जवळ धरलं आणि त्या शब्दात रफार नसतोच, हे ध्यानात येऊन स्वतःशीच हसल्या. मग सवयीने रिसीव्हर उचलून नंबर फिरवला. व्यस्त लागला. पुन्हा फिरवला. पुन्हा व्यस्त. आपल्याच टेबलावरचा फोन आपण आपल्याच फोनवरून लावतो आहोत, हे त्यांना तिसऱ्या वेळी उमगलं.

त्यांनी पर्समधून मोबाइल काढला आणि त्यावरून लावला. टेबलावरचा फोन वाजायला लागला. एकदा, दोनदा, तीनदा. पलीकडच्या टेबलावर टपाल फोडत बसलेल्या सहकारिणीने मान वर केली.

"ताई, तुमचा फोन वाजतोय. घेत का नाही?"

"वाजतोय ना, तेवढंच बघत होते," बाई म्हणाल्या. त्यांनी तो आणखी एकदा वाजू दिला, मोबाइल बंद केला आणि जाहिरातीतल्या नंबरावर पेन्सिलीने बरोबरची खूण केली.