साडूला ऐकवायचं होतं

थोरल्या साडूने चष्मेवाल्याच्या गिटारच्या तारांवर पंजा ठेवला, तेव्हा प्रवचन ऐन रंगात आलं होतं.

प्रार्थनागृहात दर आठवड्याला काकांचं प्रवचन असे. प्रवचन म्हणजे निम्मं बोलणं आणि निम्मं गाणं. बोलता बोलता काकांचा आवाज सुरावर कधी चढायचा ते त्यांनाही कळत नसे, आणि ऐकणाऱ्याचे डोळे कधी भरून आले ते त्यालाही कळत नसे. काकांच्या उजव्या हाताला एक खुर्ची होती, तिच्यावर गिटार घेऊन थोरला साडू बसायचा. डावीकडे, जरा मागे, घडीच्या खुर्चीवर धाकटा साडू; चष्म्यांचं दुकान होतं म्हणून चष्मेवाला. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. थोरल्याने हौसेने धाकट्याला गिटार धरायला शिकवली होती आणि तितक्याच हौसेने तो ते चारचौघांत सांगायचा.

त्या दिवशी काका हळू आवाजात गात होते. चष्मेवाल्याच्या हाताखालून एक तार खरखरली, मग दुसरी. थोरला उठला, वाकला, पंजा पसरून त्याने सगळ्या तारा दाबून टाकल्या आणि मागच्या रांगेलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "राहू दे रे, पातेलं घासल्यासारखं वाजतंय."

लोक हसले. काकाही हसले, मायेनेच हसले. पण जखमेवर माया चोळली तरी झोंबायची ती झोंबतेच. चष्मेवाल्याने गिटार पिशवीत घातली. चेन अडकली. ती सोडवत असताना पुन्हा कोणीतरी हसलं.

घरी बायको म्हणाली, "अहो, भावजी गमतीने बोलले."

"गमतीने? माझ्या हातावर हात ठेवला त्याने. माझ्या हातावर!"

"हातावर कुठे, तारांवर."

"तेच ते."

आणि आता बघा, माणसाचं मन कसं असतं. देवाच्या दारात बसून वर्षानुवर्षं क्षमेच्या कथा ऐकलेला हा माणूस. पण त्या संध्याकाळी त्याने एकच मागणं मागितलं. असं वाजवता येऊ दे की थोरल्याने ते ऐकावं, शेवटच्या सुरापर्यंत ऐकावं, आणि ऐकता ऐकता त्याची मान खाली जावी. खुर्ची मिळाली तर उत्तमच. पण मुख्य म्हणजे, त्याने ऐकावं.

चष्मेवाला वाद्यं दुरुस्त करणाऱ्या बाईंकडे गेला. बाई तोंडात स्क्रू धरून काम करायच्या. स्क्रू काढून म्हणाल्या, "वाजवा."

त्याने वाजवलं.

"कोणावर चिडलात?"

"कोणावर नाही."

"मग या बिचारीचा गळा का आवळताय?" बाईंनी त्याचा अंगठा गिटारच्या मानेवरून सोडवला. "इतकं दाबलं की तार ओढली जाते आणि सूर वर सरकतो. तुम्हाला वाटतं जोर आला. ऐकणाऱ्याला वाटतं बेसूर झालं. बोट फ्रेटच्या, या धातूच्या पट्टीच्या, अगदी पाठीशी टेकवा, आणि तार बोलेल इतकंच दाबा. त्याहून रतीभरही जास्त नको. आणि उजवा हात सारखा तारा टेकतात त्या घोडीपाशी जाऊन खरवडतोय, तो इकडे आणा, भोकाजवळ. नखं दाखवा. अरे देवा, ही नखं आहेत की करवत?"

नखांचं मात्र त्याने मनावर घेतलं. चष्म्याच्या काचांच्या कडा घासण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. दुपारी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून तो मागच्या खोलीत बसे आणि काचेला शेवटचा हात फिरवायच्या मऊ कापडावर नखांच्या कडा फिरवत राही. नखावरून तार निसटताना ती कुठेही अडखळता कामा नये. डबा तसाच राहायचा. एक सूर लावायचा, तो विझेपर्यंत ऐकायचा. मग पुन्हा तोच सूर. बोटांच्या टोकांना आधी फोड, मग घट्टे आले. मशीनवर काच धरताना घट्टे दुखले की त्याला बरं वाटायचं. थोरल्याचा पंजा आठवायचा, आणि हात दुप्पट हळू चालायचा; कारण घाई केली की खरखर येते, आणि खरखर आली की थोरला जिंकतो.

प्रार्थनागृहाच्या खिडकीबाहेर उभं राहून थोरल्याचं वाजवणं त्याने पाठ केलं, शत्रूचं घर पाठ करावं तसं. कुठे तो धावतो, कुठे सूर पुरता फुलायच्या आत तोडून पुढे पळतो, कुठे काकांच्या शब्दावर पाय देतो. थोरला तोडतो तिथे आपण थांबायचं. तो पळतो तिथे आपण बसून राहायचं. सूड इतका सुरेल असू शकतो हे चष्मेवाल्याला आधी माहीत नव्हतं.

वर्ष उलटलं, आणि तो पुन्हा घडीच्या खुर्चीवर जाऊन बसला. काका म्हणाले, "आलास? बरं वाटलं." थोरला म्हणाला, "पातेलं आणलंस का?" चष्मेवाल्याने हसत पिशवीची चेन उघडली.

पण दोन-तीन प्रवचनं झाली आणि त्याच्या एक गोष्ट लक्षात आली. काकांचा नेम असा की गळा त्या दिवशी जिथे बसेल तिथून ते गायला लागत. गिटारवाल्याने पहिल्या ओळीतच त्यांचा सूर ओळखून, कॅपो म्हणजे मानेवर लावायचा तो चिमटा, नेमक्या जागी बसवायचा. थोरला यात वाघ होता. आता मात्र काका गायला लागले की थोरला काकांकडे बघत नव्हता. तिरक्या डोळ्याने चष्मेवाल्याचा डावा हात बघत होता. चष्मेवाल्याने जिथे चिमटा लावला, तिथेच तो आपला लावायचा. आणि कोणी बोललं की नजर त्या माणसाच्या ओठांवर. गिटारचा आवाज वाढवणाऱ्या पेटीचं बटण दर वेळी थोडं आणखी वर.

चष्मेवाल्याच्या दुकानात एका भिंतीला चष्मे होते आणि दुसरीला कानाची यंत्रं. ओठांवर नजर लावून बसणारी माणसं तो रोज बघायचा. 'ऐकू येतं हो मला, लोकच पुटपुटतात,' असं म्हणणारी.

त्याने मनातल्या मनात थोरल्याला त्याच रांगेत बसवलं. देवानेच दिलं, असं त्याला वाटलं. देवाला मध्ये घ्यायला नको होतं, पण सूड घेणारा माणूस पहिल्यांदा देवालाच साक्षीला बसवतो.

प्रार्थनागृहाच्या वाढदिवसाचं मोठं प्रवचन आलं. उभं राहायला जागा नव्हती. काकांनी कथा लावली होती रुसलेल्या भक्ताची. देवाच्या उंबऱ्याबाहेर पाठ करून बसलेला, 'तू बाहेर ये, मी आत येणार नाही' म्हणणारा. काकांनी पहिली ओळ उचलली. चष्मेवाल्याच्या कानाने तत्क्षणी सांगितलं, तिसरा फ्रेट. त्याने चिमटा चौथ्यावर लावला. एकही तार छेडली नाही. नुसती बोटं ऐटीत मांडून बसला.

थोरल्याचे डोळे तिरके झाले. थोरल्याचा चिमटा चौथ्यावर बसला.

चष्मेवाल्याने आपला चिमटा सावकाश तिसऱ्यावर सरकवला.

मग थोरल्याने सगळ्या तारांवरून हात फिरवला, भरगच्च, पेटीचा आवाज पूर्ण वर ठेवून. सभेने दात आंबल्यासारखे चेहरे केले. एक लहान मूल रडायला लागलं. काका सूर सोडून थांबले. आणि थोरला? तो वाजवतच राहिला. मान डोलावत, डोळे मिटून, भक्तिभावाने, पूर्ण बेसूर. शेवटी हसण्याच्या लाटेने पुढची रांग हलली, ते डोळे उघडल्यावर त्याला दिसलं. त्याने काकांकडे पाहिलं, मग बायकोकडे. तिने पदर तोंडाला लावला होता. काय चुकलं, ते त्याला कळलंच नव्हतं. त्याने फक्त हात तारांवरून उचलला.

"तू थोडा बस," काका त्याला म्हणाले, आणि चष्मेवाल्याला खूण केली, "तू ये इकडे."

उजव्या हाताची खुर्ची अजून ऊबदार होती.

आणि चष्मेवाल्याने वाजवलं. वर्षभराच्या दुपारी त्याच्या नखांच्या कडांवर येऊन बसल्या होत्या. एकेक सूर काकांच्या शब्दाखाली पणतीसारखा ठेवला, शब्द संपेपर्यंत विझू दिला नाही. काकांनी आवाज इतका खाली आणला की रुसलेला भक्त मागे वळून बघतो तिथे नुसता श्वास राहिला, आणि त्या श्वासाखाली एकच तार. बाया डोळे पुसत होत्या. आपल्याच वाजवण्याने त्याच्याही अंगावर काटा आला.

आता! त्याने मान वळवून थोरल्याकडे पाहिलं. मान खाली गेलेली बघायला.

थोरल्याची मान वरच होती. तो काकांचे ओठ बघत होता. त्यातून कथा कुठवर आली ते शोधत होता.

त्याला यातलं काहीच ऐकू जात नव्हतं. एक सूरसुद्धा नाही.

बरं का, चष्मेवाल्याच्या तोंडाला कोणी तरी गोड घास लावून काढून घ्यावा, तसं झालं. लोकांनी पाठ थोपटली, काकांनी जवळ घेतलं, खुर्ची तुझी म्हणाले. त्याला काहीच गोड लागलं नाही. घरी बायकोने ताट वाढलं. तो म्हणाला, "ज्याच्यासाठी केलं त्याच्या कानापर्यंत गेलंच नाही."

"तुम्ही हे देवासाठी करत होता ना?" ती म्हणाली आणि भाजी वाढायला आत गेली. ती मुद्दाम बोलली की सहज, हे त्याला संसारात कधीच कळलं नव्हतं.

पुढच्या प्रवचनाला थोरला आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मग चष्मेवालाच त्याच्या घरी गेला. थोरला खिडकीशी गिटार पुसत बसला होता.

"दादा," चष्मेवाला समोर उभा राहून, ओठ नीट उघडून म्हणाला, "त्या दिवशी मी वाजवलं ते कसं वाटलं?"

"छान होतं. बोटं सुंदर पडतात तुझी."

"बोटं नाही. सूर?"

थोरल्याने फडकं घडी घालून मांडीवर ठेवलं. "तो चिमटा तू मुद्दाम चौथ्यावर लावलास ना?"

चष्मेवाल्याला खोटं बोलायचं होतं. "हो," तो म्हणाला.

"बरं झालं बाबा. मला वाटलं, डोळेही गेले."

आतून मेहुणी ओरडली, "अहो, भावजींना चहा ठेवू का?" थोरल्याला ते कळलं नाही. चष्मेवाला उत्तराची वाट बघणाऱ्या स्वयंपाकघराकडे आणि खिडकीतल्या माणसाकडे आळीपाळीने बघत राहिला, आणि त्याच्या डोक्यात पुन्हा राख गेली. वर्षभर बोटं सोलून घेतली ती याने 'बोटं सुंदर' म्हणावं म्हणून?

"उठा," तो म्हणाला.

"कुठे?"

"दुकानात. यंत्र बसवतो तुमच्या कानांत. असं सुटता यायचं नाही तुम्हाला. ऐकावं लागेल, सगळं ऐकावं लागेल!"

"मला ऐकू येतं रे. लोकच पुटपुटतात."

"उठा म्हणतो ना!"

दंडाला धरून त्याने थोरल्याला दुकानात आणलं. तपासलं, यंत्र निवडलं, दोन्ही कानांत बसवलं, आवाज जुळवला. थोरला दचकला. रस्त्यावरची सायकलची घंटा, पंख्याची कुरकुर, स्वतःच्या बाहीची सळसळ. त्याने बाही पुन्हा पुन्हा हलवून पाहिली. चष्मेवाल्याने त्याला तेवढी सवड दिली; मग मागच्या खोलीतून गिटार आणली, समोर स्टूल ओढलं आणि कोर्टात पुरावा मांडावा तशा गंभीरपणे वाजवायला लागला. तोच रुसलेला भक्त. तीच पाठ फिरवणं, तेच मागे वळणं. हात अजिबात आवळला नाही. एकेक सूर थोरल्याच्या तोंडासमोर धरला.

थोरला ऐकत होता. डोळे कशावरच नव्हते. ऐकता ऐकता त्याची मान हळूहळू खाली जाऊ लागली. चष्मेवाला शेवटच्या सुरावर आला, सूर पुरता विझू दिला.

थोरल्याने खालच्या मानेनेच एक कान गिटारकडे वळवला. मग म्हणाला, "तिसरी तार उतरली आहे."

"काय?"

"तिसरी. केसभर. मघापासून टोचतेय."

चष्मेवाल्याने गिटार पोटाशी ओढली. तार छेडली. कान लावला. उतरली होती. केसभरच. संतापाने त्याचे कान लाल झाले, आणि हात मात्र आपोआप खुंटीकडे गेला.

"चढव," थोरला डोळे मिटून म्हणाला. "अजून. अजून जरा... घाई नको. हां."