भोवरा उभा असेपर्यंत

लाकडी भोवरे कातून विकणार्‍या कातार्‍याने दोरीचा शेवटचा वेढा अंगठ्याखाली दाबला आणि मनगटाला झटका दिला. भोवरा काचेच्या तबकावर उतरला, दोनदा अडखळला आणि समाधी लागल्यासारखा स्थिर झाला. पोस्टमनने हातातल्या घड्याळाचं बटण दाबलं.

चौथ्या मिनिटाला चौकातल्या मोठ्या पडद्यासमोर आरोळी उठली. पोस्टमन ताडकन उभा राहिला. जमीन फळ्यांची, तबक थरथरलं, भोवरा कलला आणि घरंगळत गेला. आतल्या खोलीत कातार्‍याच्या बायकोचं थांबलेलं शिलाई मशीन पुन्हा खडखडू लागलं.

"अरे, बूड टेकून बस की!"

"फायनल आहे बाबा! सगळं जग तिकडे, आणि आपण इथे लाकडाकडे बघत बसलोय."

"तिकडे खेळतात दुसरेच. तू नुसता घसा फोडणार."

"मग इथे तरी मी काय खेळतोय?"

भोवरा मंडळात आता हे दोघेच उरले होते. सात मिनिटं दहा सेकंदांचा विक्रम कातार्‍याचाच, बारा वर्षांपूर्वीचा. हल्ली दोरी ओढताना बोटं थरथरायची. यंदा नाही तर कधीच नाही, हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोला सांगावं, तर सकाळीच तिने सुनावलेलं, "जावई आला घरात, तरी भोवरा सुटत नाही तुमचा!"

दुसरी फेक अशी पडली की त्याने श्वास रोखला. घरात खुट्ट नाही. बाहेर पुन्हा गलका झाला. या वेळी पोस्टमन चोरपावलांनी खिडकीशी गेला. भोवरा ढळला नाही. बर्‍याच वेळाने भोवर्‍याने मान टाकली.

"किती?"

पोस्टमनचा चेहरा उतरला. गज धरताना बटण दाबलं गेलं होतं. घड्याळात शून्य.

"जा! ओरड जा तिकडे."

पोस्टमन खाली मान घालून जिना उतरला. कातारी तणतणत आत गेला. बायको मशीनवरून पाय उचलून बसली होती. सुईखाली अर्धी कॉलर.

"पडला?"

"पडला."

तिने पाय टेकला. "आठ मिनिटं झाली. वर थोडी."

"तुला काय माहीत?"

"पाय उचलून बसलं की समोर भिंतीवरचं घड्याळच दिसतं."

तो तिच्या पायांकडे बघत राहिला.

"त्याची नोंद नाही होत," तो पुटपुटला.

"नको होऊ दे. माझ्या कॉलरी राहिल्यात त्याचं काय? एवढी होऊ द्या, मग टाका."

मशीन सुरू झालं. दोरी हातात धरून तो उंबर्‍यावर बसून राहिला.