चष्मा सावरताना

"थांबा! हात तसाच ठेवा!"

काचेच्या अलीकडून मी ओरडले आणि मोठे डॉक्टर जागच्या जागी थांबले. त्यांचा उजवा हात नाकाजवळच होता. गॉगल नुकताच काढून त्यांनी बादलीत टाकला होता. घामाने आतला चष्मा नाकावरून घसरला आणि त्यांनी तो बोटाने वर ढकलला. चष्मा लावणारं माणूस दिवसातून शंभरदा करतं, तेच. बोट डोळ्याच्या कोपऱ्याला घासून गेलं.

"काय झालं?"

"डोळ्याला हात लागला तुमचा. गॉगल काढल्यावर हात साफ केले नव्हते अजून."

"नाही लागला."

"लागला, डॉक्टर."

"अहो मावशी, डोळा माझा आहे ना? मला कळलं नसतं?"

खोटं बोलत नव्हते ते. सवयीने केलेलं कळतच नाही माणसाला. म्हणून तर मला तिथे उभं केलं होतं.

ऑपरेशन थिएटरमध्ये मी सव्वीस वर्षं मावशी. साथ आली, ऑपरेशनं बंद पडली आणि मेट्रनबाईंनी मला या खोलीत आणून सोडलं. पूर्वी इथे चादरी ठेवायचे. आता मधोमध काच, पलीकडे दोन बादल्या, पिवळ्या पिशवीचा डबा आणि भिंतीवर आरसा. आयसीयूतून बाहेर येणाऱ्या डॉक्टरने अंगावरचा पोशाख कसा उतरवायचा, ते एकेक करून मोठ्याने सांगायचं आणि डोळ्यात तेल घालून बघायचं, हे माझं काम. पोशाख घालताना कोणी चुकत नाही. तेव्हा माणूस ताजं असतं, भीतीही ताजी असते. चुकतात ती काढताना. सहा तास पाणी नाही, लघवी नाही, आत अंग उकडून निघालेलं. कधी एकदा हे ओरबाडून फेकतो, असं होतं.

मी सांगितल्याशिवाय इथे कोणी बोट हलवायचं नाही, मग तो कितीही मोठा असो. जन्मभर ज्यांची बोलणी खाल्ली, त्यांना हुकूम सोडायला मिळाला. खोटं कशाला बोलू, पहिले आठ दिवस मला मजाच वाटली. पोरं पाठीमागे मला हेडबाई म्हणायची. म्हणेनात का!

मग माझा धाकटा भाऊ आजारी पडला. लिफ्ट दुरुस्त करतो तो. पंचेचाळिशी उलटली तरी मला तो धाकटाच. त्याला आणून ठेवला आयसीयूत, सात नंबरच्या खाटेवर, आणि मला आत जायची परवानगी नाही. मोठ्या डॉक्टरांच्या हाताखालच्या छोट्या डॉक्टर आत निघाल्या की मी त्यांच्याजवळ निरोप द्यायची, "जेवला का विचारा हो त्याला." एकदा त्या हसतच बाहेर आल्या. म्हणाल्या, "सात नंबर म्हणतायत, ताईला म्हणावं जरा हळू ओरड, इथपर्यंत ऐकू येतंय." मेला तोंडाला कधी कुलूप लावायचा नाही. त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवले.

तर त्या दुपारी मोठे डॉक्टर काचेपलीकडे उभे होते आणि मला नियम पाठ होता. असं काही झालं की ताबडतोब वर फोन करायचा. मग त्या डॉक्टरला सात दिवस बंद खोली.

"मावशी," त्यांचा आवाज खाली आला. "आत अकरा माणसं आहेत. आमचे दुसरे डॉक्टर तापाने फणफणलेत. मी गेलो तर ही एकटी पोर उरते. घशात नळी घालायला तिचा हात अजून बसलेला नाही."

मी फोनकडे बघितलं.

"सात नंबरला आज ना उद्या नळी घालावी लागेल. तो कोण आहे, ते तुम्हाला मी सांगायला नको."

धमकी नव्हती ती. हात जोडायची सोय नव्हती म्हणून नुसते उभे होते बिचारे. खोलीत आम्ही दोघंच. मी तोंड मिटलं असतं तर कोणाला कळणार होतं? भाऊ माझा, आणि त्याला वाचवू शकणारा माणूस माझ्यासमोर. पण हाच माणूस उद्या छोट्या डॉक्टरांच्या शेजारी बसून डबा उघडणार. सिस्टर लोकांच्यात वावरणार. घरी त्यांची ऐंशी वर्षांची आई. मला राग आला. त्यांच्या चष्म्याचा आला, साथीचा आला, आणि नेमकं तेवढंच टिपणाऱ्या माझ्या डोळ्यांचाही आला.

"हात साफ करा," मी म्हणाले. "मग मास्क. खालचा पट्टा आधी."

सगळं उतरवून झालं, कोपरापर्यंत हात धुऊन झाले. मग मी फोन उचलला. त्यांनी माझं बोलणं ऐकलं आणि जिन्याने वरच्या मजल्यावरच्या खोलीत गेले.

संध्याकाळपर्यंत सगळीकडे कळलं. सिस्टर म्हणाल्या, "मावशी, जरा गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं?" घरी पोचते तोवर भावजयीचा फोन. तिचा आवाज रडून बसला होता.

"ताई, डॉक्टरांना तुम्हीच बाहेर काढलंत म्हणे?"

"हो गं."

"असं का केलंत, ताई?"

नियम सांगणार होते तिला. नाही सांगवला. "जेवलीस का?" एवढंच विचारलं.

दुसऱ्या दिवशी धाकट्याला नळी घालावीच लागली. फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून सलाइनच्या दांडीला बांधला आणि मोठे डॉक्टर वरून बघून सांगत होते. मी काचेजवळ उभी. छोट्या डॉक्टर बाहेर आल्या त्या ओरडतच, "नळी गेली, मावशी! दुसऱ्यांदा घातली तेव्हा गेली!" मी म्हटलं, "आधी हात साफ करा, मग नाचा." आणि वळून भिंतीकडे तोंड करून रडून घेतलं.

पुढचे दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. आज बरा, उद्या बरा नाही, परवा तसाच. जीव नुसता टांगणीला. कामावर मात्र एक दिवस चुकवला नाही, कारण घरी बसून काय करणार होते?

मोठ्या डॉक्टरांची पहिली तपासणी निर्दोष आली. सातव्या दिवशी दुसरी आली, तीही निर्दोष. त्यांना काही म्हणजे काही झालं नव्हतं. त्यांनीच मला फोन केला.

"मावशी, उद्या सकाळी येतो. आल्या आल्या सात नंबरला बघतो, काळजी करू नका."

"या डॉक्टर, या," मी म्हणाले. आनंदच झाला, का नाही होणार! फोन ठेवला आणि मग स्टुलावर बसून राहिले. काहीच व्हायचं नव्हतं तर मी हे कशासाठी केलं? हा प्रश्न मी त्या दिवसापासून कितीदा विचारला असेल.

त्याच दुपारी छोट्या डॉक्टर वेळेआधी तासभर बाहेर आल्या. गॉगल धुक्याने भरलेला. पोशाख उतरवायला जिथे थांबायचं, त्या जमिनीवरच्या रेघेवर उभ्या राहिल्या आणि हलेनात.

"मावशी..."

"बोलू नका. हात साफ करा."

"मावशी, ऐका ना जरा."

"बाहेरचे हातमोजे काढा."

मला कळलं होतं. ती दारातून आली तेव्हाच कळलं होतं. पण हातमोजे अजून तिच्या हातात होते. मी तिच्या तोंडाकडे बघायचं सोडलं आणि नुसते हात बघत राहिले. गाऊन आतली बाजू बाहेर करत गुंडाळला, डब्यात गेला. बुटांवरची आवरणं गेली. हात साफ केले. गॉगल मागच्या पट्ट्याने निघाला आणि डोळ्यांत साठलेलं सगळं एकदम खाली आलं. ते पुसायला हात वर निघाला.

"बाळा, हात खाली."

डॉक्टरांना मी कधी बाळा म्हटलं नव्हतं.

"पुसायचं नाही. वाहू दे." माझा आवाज फाटला, पण निघाला. "हात साफ कर. आता डोळे मीट, श्वास धर. खालचा पट्टा आधी, मग वरचा."

मास्क डब्यात पडला. आतले हातमोजे निघाले. नळाखाली ती हात धुवायला लागली तेव्हा मी नेहमीसारखे मोठ्याने आकडे म्हटले. चाळीसपर्यंत म्हणायचे असतात. सगळे म्हटले, एकही गाळला नाही.

मग मधलं दार उघडून तिला अलीकडे घेतलं, दार लावलं आणि म्हणाले, "हं. आता सांग."