भोकांचा तक्ता

टाय बांधून आलेला सॉफ्टवेअरचा विक्रेता आमच्या मालकाच्या, शिवराजभाऊच्या केबिनीत पडद्यावर वॉशिंग मशीन गरागरा फिरवत होता. वरून, खालून, आरपार. मी म्हणलं, "दादा, आम्ही चिकलठाण्यात पत्र्याच्या प्लेटा बनवतो. भोकं कुठं पाडायची ते कागदावर दाखवायचं, बस. हे कपडे धुण्याचं मशीन कशाला घुमवताय?"

भाऊ हसला. त्याच्या वडलांच्या काळापासून मी या कारखान्यात ड्राफ्ट्समन आहे, एकतीस वर्षं झाली. मला असं बोलायची मुभा आहे.

पण या खेपेला गोष्ट माझ्या नोकरीची होती. जुनं ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर बंद पडणार होतं आणि भाऊनं सरळ सांगितलं होतं: एक फुल व्हर्जन, नायतर तेवढ्यात दोन स्वस्तातली. एकावर माणूस एकच बसणार. म्हणजे फुल घेतलं की खुर्ची माझ्या शेजारी ड्रॉइंग काढणाऱ्या वैजापूरच्या श्रेयाला आणि नारळ माझ्या हातात. ती सव्वीसची, मी सत्तावन्नचा. हे शेंबडं पोरही सांगंल.

म्हणून मी स्वस्तातल्याच्या बाजूनं तोंड चालवायला लागलो. श्रेया विक्रेत्याला विचारत होती, "आपण लिहिलेले छोटे प्रोग्राम या स्वस्तातल्यात चालतात का?"

"नाही मॅडम, ते फुलमध्येच."

तिचं तोंड उतरलं. मला लई बरं वाटलं. ही बया जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून खटाखट काहीतरी टाइप करत बसायची. विचारलं की म्हणायची, "प्रोग्राम लिहितेय, काका." अरे वा! ड्रॉइंग काढायला ठेवलंय का पोथी लिहायला?

"भाऊ," मी म्हणलं, "ज्याच्या हातात कसब नाय, त्याला प्रोग्राम लागतात. माझं बघा. साठ भोकांची प्लेट असू द्या, एकेका भोकाचं माप, अंतर, सगळा तक्ता चहा येईस्तोवर तयार असतो का नाय? मी कुठला प्रोग्राम लिहितो?"

श्रेयानं माझ्याकडं पाहिलं. काहीतरी बोलणार होती, बोलली नाय. मला वाटलं, जिरली.

दोन स्वस्तातली आली. पटलं नाय तर महिन्याच्या आत बदलून देऊ, असं विक्रेता म्हणाला. मी म्हणलं, बदलतंय कोण!

पहिल्याच सोमवारी बासष्ट भोकांची प्लेट आली. ऐटीत काढली. मग रोजच्यासारखी दोन अक्षरं दाबली, एंटर मारलं. तक्ता काही येईना. असली कमांडच नाही, असं पडद्यावर आलं. पुन्हा दाबलं, तेच. मी तडक विक्रेत्याला फोन लावला.

"काय भिकार माल गळ्यात मारला हो? साधा भोकांचा तक्ता निघत नाय!"

"साहेब," तो म्हणाला, "तसा तक्ता तर फुलमध्येही नसतो. तुमच्याकडं कुणीतरी प्रोग्राम लिहून घातला असेल."

मी फोन ठेवला. शेजारी श्रेया मान खाली घालून एकेक माप हातानं टाकत होती.

"ते कुणी लिहिलं होतं गं?"

"मीच, काका. तीन वर्षांपूर्वी तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं ना, त्यानंतर आकडे चुकायला लागले होते. दोन-तीनदा मी गुपचूप दुरुस्त केले. मग नवीन कॉम्प्युटर आला, तेव्हा तुमच्यासाठी घालून दिलं."

"आन मला सांगायचं नाय?"

"सांगितलं की. ही दोन अक्षरं दाबा म्हणलं. तुम्ही म्हणालात, चला, आता कुठं त्या सॉफ्टवेअरवाल्यांना अक्कल आली."

म्हणलो होतो खरं. तीन वर्षं त्या दोन अक्षरांवर मी अख्ख्या कारखान्यात मिशीला पीळ देत फिरलो. कसब म्हणे! डोंबलाचं कसब.

"मग त्या दिवशी भाऊसमोर का गप बसलीस?"

"बोलले असते तर तुमची खुर्ची गेली असती, काका."

तो तक्ता मी हातानं केला. पाच तास लागले. श्रेयानं तपासला तर चार आकडे चुकलेले. तिनं लाल पेन उचललं, ठेवून दिलं, आणि पेन्सिलीनं बारीक खुणा केल्या, पुसता याव्यात म्हणून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाऊच्या केबिनीत गेलो. "ही दोन्ही परत करा. एकच घ्या, फुल."

"एकच? बसणार कोण त्यावर?"

"श्रेया."

"आन तुम्ही?" भाऊ माझ्याकडं बघतच राहिला. "काका, तुम्हीच म्हणला होता ना, ज्याच्या हातात कसब नाय त्याला प्रोग्राम लागतात?"

"व्हय," मी म्हणलं. "तसल्याला त्या पोरीनं तीन वर्षं सांभाळलं. लावा आता त्या टायवाल्याला फोन."