पट्टा हलत राहिला

मी पट्टा बोलतोय. पोटात बॅटरी असलेला, पुमाच्या गळ्यात बांधायचा चामडी पट्टा. जे पाहिलं, त्यानं माझं डोकं अजून ताळ्यावर आलेलं नाही.

रोमिनानं मला एका बेशुद्ध मादीच्या गळ्यात बांधलं. बांधताना पुटपुटत होती, "माफ कर गं बाई." पुमांमागं पॅटागोनियाचा माळ तुडवणं हाच तिचा अभ्यास. मादी कुठं जाते ते कळवायचं, एवढंच माझं काम. मादीनं लांब मानेचा ग्वानाको पाडला की मीही रक्तानं माखायचो. आधी ती आणि तिची दोन पिल्लं जेवायची, मग कोल्हे, मग गिधाडं. एका शिकारीवर सगळी आळी पोसायची.

रोमिना सेनोनकाका मेंढपाळाच्या खोपटात 'माते' नावाचा तिकडचा कडू चहा प्यायला थांबायची. एकदा बोलून गेली, "काका, पट्टा दिवसभर हलला नाही, तर समजायचं जनावर गेलं. मग मी धावत येते." पिल्लांबद्दल मात्र चकार शब्द काढला नाही. पत्ता लागला की लोक पिल्लंही मारतात.

पुढं मादीनं काकांची अकरा मेंढरं पाडली आणि खाल्लं एकच. काकांची बंदूक वाजली. मला वाटलं, आता मी निपचित पडणार, रोमिना येणार. तर या म्हाताऱ्यानं काय करावं! मला सोडवून आपल्या मोरो कुत्र्याच्या गळ्यात बांधलं!

"हिंड बाबा," म्हणाला, "पोरगी उगाच रडेल."

अरे, काय हे! मोरो मेंढरांमागं धावायचा आणि मी कळवत राहायचो, मादी जिवंत आहे, जिवंत आहे. जन्मात कधी खोटं बोललो नव्हतो हो मी!

नवव्या दिवशी रोमिना अँटेना धरून दबकत आली. मादी मेंढरांत कशी, हे बघायला. मोरोनं शेपूट हलवत तिचा हात चाटला.

"काका... हा पट्टा?"

"अगं, अकरा मेंढरं गेली माझी. तुला वाईट वाटू नये म्हणून..."

"तिला दोन पिल्लं आहेत, काका!"

काकांच्या हातातली किटली पडली. "मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही मारली असती म्हणून!"

मग काकांनी स्वतःच्या हातानं एक मेंढी कापली आणि घोड्यावर टाकली. मला मोरोच्या गळ्यातून सोडवून घेतलं आणि माझ्या जुन्या नोंदींवरून दोघं पिल्लांच्या कपारीशी पोचले.

एक पिल्लू मेलं होतं. दुसरं जिवंत होतं, पण त्याचा नुसता सापळा उरला होता. आईचा वास येईल म्हणून रोमिनानं मला मेंढीजवळ ठेवलं. मलाही तेच वाटलं. माझ्यावर डोकं टेकून झोपायचं ते. माझी कड चावून चावून त्यानं दातांची शिवशिव भागवली होती.

ते सरपटत आलं. मला हुंगलं. आणि फिस्कारून मागं पळालं. माझ्या अंगाला कुत्र्याचा वास होता.

"उचल गं तो," काका म्हणाले. "उचल आधी!"

मला दूर नेलं, तेव्हा कुठं ते मांसाला लागलं.

आता मी रोमिनाच्या खणात आहे. पिल्लू मोठं झालं की मला त्याच्याच गळ्यात बांधायचं म्हणतेय ती. बांध बाई. पण आधी मला साबणानं धू, वाळूनं घास, माळावरच्या वाऱ्यात महिनाभर टांग. कडेवरच्या दातांच्या खुणा तेवढ्या राहू देत.