शेवटच्या फेरीतला गडी

गुरुदासाला काय काय येतं हे सांगत बसलं तर दिवस पुरायचा नाही. भजनाला पखवाजवाला आला नाही की पखवाज गुरूच्या मांडीवर. लग्नात आचारी रुसला की झारा गुरूच्या हातात. मंगेशच्या बोटीवर तो अकरा वर्षं होता, पण त्याचं नेमकं काम काय, हे विचारलं असतं तर खुद्द मंगेशलाही चटकन सांगता आलं नसतं. बोट चालवणारा तांडेल म्हणजे मंगेशचा चुलतभाऊ बाबू. बाबूला ताप आला की सुकाणावर गुरू, जाळं फाटलं की सुई-दोरा गुरूकडे, मशीन रुसली की पाना गुरूकडे, आणि सगळं सुरळीत असेल त्या दिवशी भात शिजवायला गुरू. सगळं येणाऱ्या माणसाचं एक वाईट असतं. त्याच्या नावाची कायमची जागा कुठेच नसते.

क्रिकेटमध्ये तेच. दरवर्षी जानेवारीत वाडीच्या मैदानावर टेनिस बॉलची स्पर्धा व्हायची. कट्टा, पिंगुळी, रेडी आणि आमची किनाऱ्यावरची वाडी असे चार संघ, आणि त्याआधीच्या रविवारी खेळाडूंचा लिलाव. पैसे खरे नसायचे, नुसते पॉइंट. पण माणसं अशा गंभीर तोंडाने बोली लावायची की जणू घराचा सौदा चाललाय. पहिल्या फेरीत प्रत्येकाचं नाव पुकारायचं. बोली लागली नाही तर तो अनसोल्ड. मग चहा व्हायचा, आणि शेवटच्या फेरीत उरलासुरला माल शंभर पॉइंटला ज्याला हवा त्याने उचलायचा.

गुरू दहा वर्षं पहिल्या फेरीत अनसोल्ड गेला होता. शेवटच्या फेरीत मंगेश हात वर करायचा, शंभर पॉइंटला गुरू वाडीच्या संघात यायचा आणि बाकावर बसायचा. मग कीपरचं बोट सुजायचं, नाहीतर ओपनर आदल्या रात्रीच्या हळदीतून उठायचाच नाही, आणि गुरू उठून उभा राहायचा. वाडीने तीनदा ढाल जिंकली ती अशीच. संघाचे टी-शर्ट पहिल्या फेरीनंतर छापायला जायचे, म्हणून गुरूच्या वाट्याला उरलेला शर्ट यायचा. गेल्या वर्षीच्या शर्टावर मागे ‘सर्वेश’ असं लिहिलेलं होतं. सर्वेश ऐनवेळी दुबईला गेला होता.

गुरू यावर हसायचा. दुसरं करणार काय? सिक्सर मारणारा लोकांना हवा असतो, सगळं थोडं थोडं करणारा कुणाला हवा? पण नाव पुकारल्यावर मांडवात पडणारी ती शांतता त्याला दरवर्षी लागायची. तेवढा वेळ तो खाली मान घालून चपलेचा अंगठा चाचपत बसे. आपली किंमत ही एवढीच, आणि तेवढीसुद्धा मंगेश जुना मित्र म्हणून देतो, असं त्याने मनाशी धरून टाकलं होतं. मंगेश संघाचा मालक, बोटीचा मालक आणि पहिलीपासूनचा मित्र. त्याने सांभाळून घेतलं म्हणून आपलं चाललंय, असं तो बायकोला, सत्यवतीला, अगदी मनापासून सांगायचा.

या वर्षी मात्र एक गोष्ट वेगळी होती. लिलाव पुकारायला माईकवर अक्षया होती, गुरूची मुलगी. मालवणला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला, गॅदरिंगचं निवेदन करून नाव मिळवलेली. स्वच्छ, खणखणीत आवाज. मंडळाने तिला बोलावलं तेव्हा गुरूची छाती फुगली, आणि घरी येईपर्यंत उतरलीही. आता अनसोल्ड हा शब्द तिच्या तोंडून यायचा होता.

म्हणून आदल्या दिवशी जाळी आवरता आवरता त्याने मंगेशकडे विषय काढला. अकरा वर्षांत त्याने मंगेशकडे कधी काही मागितलं नव्हतं, त्यामुळे मागायचं कसं हेही त्याला नीट जमेना. चढी बोली नको, शंभरच लाव, पण पहिल्या फेरीत लाव, असं तो इकडचं तिकडचं बोलून शेवटी म्हणाला.

“चेडवाच्या तोंडातसून एकदा सोल्ड येवंदे रे.”

मंगेशने जाळ्याची गाठ ओढली, त्याच्याकडे न बघता होय म्हणाला. गुरूला तेवढं पुरलं. रात्री त्याने निळा शर्ट इस्त्री करून खुंटीला लावला.

रविवारी दुपारी शाळेच्या पटांगणात मांडव भरला. रिवाजाप्रमाणे म्हाताऱ्या रामचंद्र आजोबांनी नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घातलं. ज्याला जो गडी हवा तो त्याला गावू दे, कुणाच्या मनात वाकडं येऊ देऊ नको, असं त्यांनी मागितलं, आणि सगळा मांडव “व्हय म्हाराजा” म्हणाला. मंगेशही म्हणाला. गुरूने ऐकलं.

अक्षयाने एकेक नाव घ्यायला सुरुवात केली. पिंगुळीचा फलंदाज बाराशेला गेला, कट्ट्याचा एक डावखुरा नऊशेला. मग तिने पुढचा कागद घेतला, आणि गुरूला कळलं की हा कागद तिने स्वतः लिहिलाय.

“गुरुदास सखाराम मयेकर. अष्टपैलू. यष्टिरक्षण, गोलंदाजी, सलामीची किंवा सातव्या क्रमांकाची फलंदाजी. गेल्या दहा वर्षांत संघाला गरज असताना एकदाही गैरहजर नाही. बोली शंभरपासून.”

या वेळी गुरूने मान खाली घातली नाही. मंगेशचा हात वर जाताना त्याला बघायचा होता, म्हणून तो सरळ समोर बघत राहिला. मंगेश मोबाईलमध्ये काहीतरी शोधत होता. आणि गुरूला आणखी एक दिसलं, जे दहा वर्षं खाली मान घातल्यामुळे दिसलं नव्हतं. कट्ट्याचा कप्तान, पिंगुळीचा कप्तान, रेडीचा कप्तान हरिश्चंद्र, तिघेही मंगेशकडे बघत होते.

अक्षया थांबली. नियमापेक्षा जास्तच थांबली. बोली कुणाची आहे का, असं तिने तीनदा विचारलं, आणि तिसऱ्या वेळी तिचा आवाज माईकवाल्याने बटण फिरवावं तसा खाली आला.

“अनसोल्ड,” ती म्हणाली, आणि पुढचा कागद उचलला. पुढचं नाव तिने चुकीचं वाचलं.

चहाच्या वेळी गुरू मांडवाच्या कडेला कागदी कप धरून उभा होता. चहा प्यायचं त्याला सुचत नव्हतं. तिथे हरिश्चंद्र आला. रेडीला त्याच्या दोन बोटी, मोठा गडी, मनाने भोळा. त्याने गुरूच्या खांद्यावर हात ठेवला आणि तक्रार केल्यासारखा बोलायला लागला, की तुझ्यासारखा एक बाकावर असला की बाकीचे दहा निर्धास्त खेळतात, आणि त्या मंगेशने दरवर्षी आमचे हात बांधून ठेवलेत.

गुरूला कळेना. हात कसे बांधले, त्याने विचारलं.

“तुका ठावक नाय?” हरिश्चंद्र चकित झाला. “लिलावाच्या आधी तो सगळ्यांका भेटता. गुरूक बोली लावू नको, तो माझो घरचो माणूस, म्हणता. आमी शब्द दिलेलो. चार वर्सां मी तुका हजार पॉइंटाक घेवक बसलंय.”

आमच्याकडे ही रीतच. एखाद्याने माणूस आपला म्हणून सांगितला की दुसरा त्याच्यात तोंड घालत नाही. झाड दाखवून ठेवलं की त्याच्या कैऱ्या कुणी पाडत नाही, तसं. फक्त झाडाला विचारायची रीत नाही.

आणि भोळ्या माणसाला कुठे थांबावं ते कळत नाही. हरिश्चंद्र पुढे म्हणाला, की खेळाचं सोड, तीन वर्षांपूर्वी नवी बोट घेतली तेव्हा तांडेल म्हणून तूच हवा होतास. मंगेशकडे विचारणा केली, तर गुरू यायचा नाही म्हणून त्याने परस्पर सांगितलं. खरंच नको होतं का तुला? गुरूने चहा ओतून टाकला आणि कप घडी करून खिशात घातला.

मंगेश नळावर तोंड धूत होता. गुरू जाऊन त्याच्यासमोर उभा राहिला. भांडायचं कसं हेदेखील त्याला माहीत नव्हतं. सगळं येणाऱ्या माणसाला तेवढं येत नव्हतं.

“काल होय म्हणालंस,” तो म्हणाला.

मंगेशने खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसलं. खोटं बोलावं असं त्याच्या मनात आलं असेल, पण चाळीस वर्षांच्या ओळखीत ते जमलं नाही. तोही बिचारा खरंच घाबरलेला दिसत होता.

“मिया हात वर केलो असतो तर सगळ्यांनीच केलो असतो,” तो म्हणाला. “मगे तू माका गावलो असतंस काय रे?”

यापेक्षा मोठं कौतुक गुरूचं जन्मात कुणी केलं नव्हतं. त्याची किंमत सगळ्यांना माहीत होती. मंगेशला तर सगळ्यात जास्त माहीत होती, इतकी की ती दुसऱ्या कुणाच्या तोंडून गुरूच्या कानावर जाऊ नये म्हणून तो दहा वर्षं घरोघर फिरला होता. दहा वर्षं मान खाली घालून काढलेली शांतता या माणसाने स्वतःच्या हाताने मांडली होती, आणि नंतर तिच्यातूनच त्याला शंभर पॉइंटला उचलून उपकार केल्यासारखा पाठीवर हात फिरवला होता. शत्रूने केलं असतं तर गुरू चिडला असता. हे प्रेमाने केलं होतं, त्याला काय करायचं ते त्याला कळेना. तो मांडवात येऊन बसला.

शेवटची फेरी लागली. अक्षयाने उरलेली नावं घेतली आणि सगळ्यात शेवटी वडिलांचं. मंगेशने लगेच हात वर केला, दरवर्षीपेक्षा उंच.

“शंभर, एक वार,” अक्षया म्हणाली. “शंभर, दोन वार.”

गुरू उभा राहिला. तिसऱ्या वाराआधी खेळाडूला नाव मागे घेता येतं असा नियम होता. तो आजवर कुणी वापरला नव्हता.

“माझा नाव काढ, बाय,” तो म्हणाला.

अक्षयाने वडिलांकडे बघितलं, आणि मग परक्या माणसाला विचारावं तसं, माईकवरच्या शुद्ध मराठीत, खेळाडू उपलब्ध नाही का, असं विचारलं. गुरूने मान हलवली. तिने कागदावर रेघ मारली.

संध्याकाळी घरी त्याने दोघींना सगळं सांगितलं. सत्यवती मंगेशला नाही नाही ते बोलली. अक्षयाला रडू आलं. मैत्रिणी विचारायच्या तेव्हा बाबा आपले हौसेला जातात, त्यांना कुणी घेत नाही, असं तीच सांगायची म्हणे. गुरूने तिच्या डोक्यावर हात ठेवला. तुझी चूक नाही, मीसुद्धा तेच सांगायचो, एवढंच तो म्हणाला.

सकाळी साडेपाचला मंगेशच्या बोटीवरून शिट्टी झाली, एकदा, मग दुसऱ्यांदा. गुरू पडवीत बसून राहिला. मग मशीनचा आवाज आला. धडधडली आणि बंद पडली. पुन्हा धडधडली, पुन्हा बंद. गुरूला इथूनच कळलं की डिझेलच्या नळीत हवा धरलीय. बाबूला ते कळायचं नाही, तो स्टार्टर मारून मारून बॅटरी घालवील आणि सहा घरांचा दिवस बुडेल. गुरू आणखी थोडा बसला. मग खुंटीवरचा कालचा निळा शर्ट सोडून दोरीवरचा जुना शर्ट अंगात घातला, तोच, मागे सर्वेश लिहिलेला, आणि पाना घेऊन किनाऱ्यावर गेला.

कमरेएवढ्या पाण्यातून तो बोटीवर चढला. स्क्रू सैल केला, फेस येऊन साफ डिझेल येईपर्यंत हवा काढली, स्क्रू आवळला आणि बाबूला चालू कर म्हणून खूण केली. मशीन पहिल्या झटक्यात लागली. खलाशी हसले, एकाने त्याच्यासाठी जागा केली. गुरूने पाना फळीवर ठेवला, काठावर पाय टाकला आणि पाण्यात उतरला.

तो चालत किनाऱ्याकडे निघाला तेव्हा मागून मंगेशची हाक आली. मशीनच्या आवाजावरून, बाबूच्या देखत, सहा खलाशांच्या देखत, तो ओरडत होता.

“गुरू, परत ये. आजपासून तांडेल तू. ऐकतंस मरे?”

गुरूने ऐकलं. तो क्षणभर पाण्यात थांबलाही. मग मागे न बघता चालत राहिला. अकरा वर्षांत त्याच्यावर पहिली खरी बोली लागली होती, आणि ती पुकारायला अक्षया तिथे नव्हती.